अधिक महिन्यातले दोन बोल्ट

माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली आणि या सोळा वर्षांत सासरच्या घरी मी पाण्याचा तांब्यासुद्धा जागचा हलवलेला नाही. खरं म्हणजे हलवू दिलेला नाही. मी हिवरखेडला पोचलो की सासूबाई खाटेवर नवी सतरंजी टाकतात, सासरे कूलर माझ्या तोंडाकडे वळवतात, आणि त्यानंतर मी जे काही बोलेन त्याला दोघंही "हो न, बराबर हाये तुमचं" म्हणतात. एकदा मी मुद्दाम म्हणून पाहिलं की कोथिंबिरीला झाडासारखी छाटणी दिली तर ती दोन वर्षं टिकेल. "टिकन न," सासरे म्हणाले. हा माणूस चाळीस वर्षं भाजीपाला पिकवतो.

ऐकणाऱ्याला वाटेल, काय नशीब काढलं गड्यानं. पहिली चार-पाच वर्षं मलाही तसंच वाटत होतं. पुढे हळूहळू उजाडलं की ज्याचं बोलणं कुणी खोडून काढत नाही तो माणूस पाहुणा असतो, घरचा नसतो. घरच्याला शिव्या बसतात. माझे सासरे जानराव यांचा आवाज तर सगळ्या गावाच्या ओळखीचा. बैल, विहिरीवरची मोटर, गेलेली लाईन आणि घरची माणसं, सगळ्यांना ते एकाच सुरात झोडपतात. माझी बायको वर्षाली माहेरी पोचली की पहिल्या तासाभरात दोन शिव्या खाते आणि तोंड भरून हसत मला येऊन सांगते, "बाबा खवळले माह्यावर." मी मात्र जवाईबापू. मला तिचा हेवा वाटायचा. चव्वेचाळीस वर्षांच्या, चष्मा लागलेल्या माणसाला सासऱ्यानं आपल्याला एकदा तरी खडसवावं असं वाटणं हे हास्यास्पद आहे, पण वाटायचं. माझे वडील मी चौथीत असताना गेले, त्याचं हे काही असेल. पण हे सांगून मी तुमची सहानुभूती मागत नाही, कारण पुढे मी जे केलं ते ऐकल्यावर ती शिल्लक राहणार नाही.

मी अमरावतीच्या एका खाजगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना थिअरी शिकवतो. प्रात्यक्षिकाचे सर वेगळे आहेत. त्यांचं नाव खुशाल सर, त्यांच्या हाताला कायम ऑइलचा वास येतो आणि माझ्या हाताला खडूचा. एकोणीस वर्षं मी फळ्यावर नट, बोल्ट आणि त्यांचे आटे काढत आलो आहे. माझं एक वाक्य तर पोरांच्या वह्यांच्या मागच्या पानावर असतं: बोल्ट कधी तुटत नाही, तोडणारा तोडतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्यातला पाषाण आपण आहोत हे कळायला मला हा अधिक महिना यावा लागला.

यंदा तो भर उन्हाळ्यात आला. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. पाय धुणं, धोंड्याचं जेवण, तेहेतीस अनारशांचं ताट. हा माझा सहावा धोंडा. कोरोनाच्या वर्षी अनारसे डब्यात घालून अमरावतीला आले होते, पण बाकी सगळे मी हजर राहून खाल्ले आहेत. आमची मुलगी खुशी मोझरीला उन्हाळी शिबिरात होती, म्हणून आम्ही दोघंच माझ्या मोटारसायकलवर पहाटे निघालो आणि परतवाड्याला चहा घेऊन ऊन तापायच्या आत हिवरखेड गाठलं. जेवण रविवारी होतं. आम्ही शनिवारी पोचलो. म्हणजे माझ्याजवळ उपद्व्याप करायला अख्खा एक दिवस होता.

अंगणात शिरलो तेव्हा सासरे शेतातून येत होते. ते दिसायच्या आधी त्यांची गाडी ऐकू आली. जुनी, शंभर सीसीची, मागे भाजीच्या कॅरेटसाठी लोखंडी पट्ट्या लावलेली. आवाज असा, जणू लग्नाच्या वरातीत लवंगी फटाके लावले आहेत.

"मामाजी, सायलेन्सर इंजिनापाशी लीक आहे," मी म्हणालो. "आतलं गॅसकेट गेलंय."

"हो न, बराबर हाये तुमचं," ते म्हणाले. "बाजार झाला का पाहू. उद्या पहाटं भेंडी अन् काकडी घेऊन जा लागते. सहाच्या आत नाही पोचलं त जागा जाते."

माझ्या डोक्यात तिथेच दिवा पेटला. दोन नट काढायचे, सायलेन्सर खाली घ्यायचा, नवं गॅसकेट बसवायचं, दोन नट लावायचे. हा धडा मी दरवर्षी जुलैत घेतो. या घरात मला एक तरी काम करायचं होतं, ज्याच्याबद्दल उद्या बाजारात सासरे म्हणतील, आमच्या जवायानं केलं.

"मी करून देतो," मी म्हणालो.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. हे मला तेव्हाच दिसलं होतं, पण मी त्याचा अर्थ 'जावयाचे हात खराब होतील' असा घेतला. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी वर्षालीकडे, वर्षालीनं आभाळाकडे. आणि जावयाला नाही म्हणायची त्या घरात सोय नसल्यामुळे सासरे म्हणाले, "बरं."

गाडी निंबाखाली उभी केली, निवू दिली. मी पाट घेऊन तिच्या बाजूला बसलो, सीटच्या अंगानं, आणि टाकीखालून वाकून पुढे इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या त्या दोन नटांकडे पाहू लागलो. बोल्ट इंजिनाच्या हेडमध्ये गाडलेले, त्यांच्यावर हे नट. वर्षानुवर्षं तापून, भिजून ते गुळाच्या रंगाचे झाले होते. मी दहा नंबरचा रिंग पाना चढवला. डावीकडे ढिला, उजवीकडे घट्ट. मी डावीकडे जोर लावला. नट हलला नाही.

तेवढ्यात सासऱ्यांनी कूलर उचलून गाडीच्या पुढे नेऊन ठेवला.

"जवाईबापू, इकळे समोर येऊन बसा न. हवा लागन."

"नको मामाजी, मला ऊन चालतं."

 त्यांनी घसा खाकरला. मग सासूबाईंनी सतरंजी आणून समोर अंथरली आणि चहाचा कप तिच्यावर ठेवला, माझ्यापासून चार हात लांब. "इकळे बसून च्या घेता का?"

"नंतर, मामीजी." मी उठून चहा आणला आणि पुन्हा माझ्या पाटावर येऊन बसलो. काम करणाऱ्या माणसाचे असे लाड करू नयेत, असं माझं मत मी त्यांना सांगितलं. "बराबर हाये तुमचं," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, पण मी पान्याला एक लांब पाइप लावण्यात गुंतलो होतो. पाइप लांब तर जोर जास्त, हेही मी फळ्यावर शिकवतो.

टक्.

"निघाला!" मी ओरडलो. पाना हलका फिरला, नट हातात आला. नटाच्या आत बोल्टाचा तुकडा होता, तो मात्र मी लगेच पाहिला नाही. मी त्याच उत्साहात दुसऱ्याला भिडलो. यावेळी पाइपावर दोन्ही हात आणि एक पाय. सासरे तोंडावर उपरणं धरून उभे होते. धूळ उडते म्हणून, असं मला वाटलं.

टक्.

दोन्ही नट तळहातावर घेतले तेव्हा कळलं. एक बोल्ट तुटून हेडच्या बाहेर जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा उरला होता. दुसरा हेडच्या तोंडाशी साफ. मी मान वर केली. तिघंही माझ्याकडे पाहत होते.

"हलक्या प्रतीचं लोखंड," मी म्हणालो. "आजकाल बोल्ट असेच येतात."

"हो न," सासरे म्हणाले. "आजकाल असेच येतात."

ती गाडी वीस वर्षं जुनी आहे.

वर्षाली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पोराइले तुमी ते काय सांगता व? बोल्ट तुटत नाही अन् काय त?" मी तिला आत पाठवलं आणि गाडीच्या मागे जाऊन खुशाल सरांना फोन लावला.

"सर, एका विद्यार्थ्यानं सायलेन्सरचे बोल्ट तोडलेत."

"दोनी?"

"दोन्ही."

"थंड्या गाडीवर पाइप लावला असन बयताडानं," सर म्हणाले. "अन् नट उलटा कसून राहिला असन. मागून पाह्यलं का उलटंच दिसते न. घड्याय मागून पाह्यलं त काटे उलटेच फिरतात."

मी फोन कानाला धरून वळून पाहिलं. निंबाखाली माझा पाट होता, मागच्या बाजूला. समोर रिकामी सतरंजी आणि तिच्यावर वारा घालणारा कूलर. मी दोन्ही नट सोडले नव्हतेच. पिळून पिळून, पाय लावून, तुटेपर्यंत घट्ट केले होते. सासऱ्यांना ते पहिल्याच जोराला दिसलं होतं. आणि 'जवाईबापू, उलटं फिरवून राहिले तुमी' एवढे पाच शब्द बोलण्याऐवजी त्या भल्या माणसानं पाण्यानं भरलेला कूलर छातीशी धरून अंगणभर हिंडवला.

"विद्यार्थ्याले म्हना, आता हात लावू नोको," सर म्हणत होते. "वेल्डिंगवाल्याकडं जाय. तुटक्या बोल्टावर नट वेल्ड करून काढा लागते. अन् ईझी आउटच्या नादी लागू नोको म्हना, सहा एमएमच्या बोल्टात तो तुटते हमखास."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. गावात वेल्डिंगचं दुकान आहे. पण तिथे जायचं म्हणजे गाडी ढकलत भर बाजारातून न्यायची, आणि सगळ्या हिवरखेडला कळणार की जानरावच्या जवायानं काय दिवे लावले. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गपचूप हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि नेमका ईझी आउट घेऊन आलो. ही एक टणक, उलट्या आट्याची काडी असते. तुटक्या बोल्टाला भोक पाडायचं, त्यात ती पिळायची, म्हणजे ती बोल्टाला घेऊन बाहेर येते. पुस्तकात तरी येते. शेजारच्या सुताराचं ड्रिल मागून आणलं. दुपारचे दोन वाजले होते, अंगणात चिटपाखरू नव्हतं, फक्त आम्ही चौघं आणि तो कूलर. यावेळी मी समोर बसलो, न सांगता. सासऱ्यांनी पटकन तोंड फिरवलं.

तोंडाशी साफ तुटलेल्या बोल्टाला भोक पडलं. काडी आत गेली. मी पिळली. ती आत तुटली. बोल्ट आता नुसता तुटलेला नव्हता, त्याच्या पोटात बोल्टापेक्षा कडक लोखंड जाऊन बसलं होतं. त्याला आता ड्रिलही लागणार नव्हतं.

मला त्या क्षणी रडू आलं. खोटं कशाला सांगू? घामाबरोबर ते मिसळून गेलं म्हणून बरं. पहाटे सासऱ्यांची भेंडी जाणार नाही, बाजारातली जागा जाईल, आणि ते मला 'काही हरकत नाही, जवाईबापू' म्हणतील. त्या 'काही हरकत नाही'ची मला खरी भीती वाटत होती. ते ऐकण्यापेक्षा काहीही परवडलं असतं. म्हणून मी हातोडा आणि छिन्नी उचलली. ठोकून ठोकून तो बोल्ट फिरवायचा, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी छिन्नी हेडवर टेकवली आणि हातोडा वर नेला.

"अबे ठेव तो हातोडा! ठेव खाली!"

निंबावरचे कावळे उडाले.

"अॅल्युमिनमचं हेड हाये ते, फुटन! डोकं हाये का खोकं? सकायपासून पाहून राहिलो तुले! उलटा काय फिरवतं, पाइप काय लावतं, ते काडी काय तोडतं आतमंदी! पोराइले हे शिकवतं का बे तिथं? बयताड कुठचा!"

 कूलरचं पाणी टपटपत होतं तेवढंच.

सासूबाईंनी जीभ चावली आणि पदर तोंडात धरला. अधिक महिन्यात, जावयाला, अबे-तुबे! वर्षाली दारात जागच्या जागी थिजली. आणि सासरे? हात हवेतच राहिलेला, चेहरा असा की आपल्याच हातून आपलं घर पडलं. त्यांचे ओठ हलायला लागले. मला माहीत होतं आता काय येणार. माफी येणार. 'जवाईबापू, चुकलं माहं' येणार आणि पुढची सोळा वर्षं ते माझ्याशी याहूनही मऊ बोलणार.

मी त्यांना बोलूच दिलं नाही. मी हातोडा जमिनीवर ठेवला, अगदी हळू, आणि विचारलं, "मंग काय करू मामाजी? सांगा."

सासरी मी शुद्ध मराठी बोलत असतो, मास्तर आहे म्हणून. त्या वेळी ते 'मंग' आपोआप आलं.

 त्यांचा राग अजून उतरला नव्हता आणि माफी अजून जमली नव्हती, त्या दोहोंच्या मधे काही क्षण गेले. मग राग जिंकला.

"काय करू म्हंते! ढकल गाडी. अंकुरच्या दुकानात नेऊ. हँडल मी धरतो, तू मांगून लाव जोर. अन् टोपी घाल डोक्यात, भोवळ येऊन पडशीन त आनखीन एक भानगड."

तर अशा रीतीने दुपारी तीन वाजता, त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत, धोंड्याचा जावई हिवरखेडच्या रस्त्यावरून सासऱ्याची गाडी ढकलत निघाला. सायलेन्सर दोरीनं बांधून हँडलला लटकवलेला. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी चष्मे वर केले. पानठेल्यावरचे उठून उभे राहिले.

"काय झालं गा जानराव?"

"काई नाई. बोल्ट तुटले माह्या हातानं," सासरे म्हणाले.

पुढच्या चौकात पुन्हा कुणीतरी विचारलं. पुन्हा तेच. माह्या हातानं. मी मागे मान खाली घालून ढकलत होतो आणि दर वेळी ते वाक्य माझ्या पाठीत बसत होतं. अंगणात मला फाडून खाणारा हा माणूस गावात माझं पाप स्वतःच्या नावावर लावत चालला होता. आणि मी गप्प होतो, कारण तेही मला सोयीचं होतं. एवढा मी थोर.

अंकुर हा दारं-खिडक्या बनवणारा तिशीतला पोरगा. त्यानं बसून बोल्ट पाहिले, बॅटरी मारली आणि शीळ घातली.

"बाप्पा! ईझी आउट तोडून ठेवला आतमंदी? हे कोन्या गाढवानं केलं व काका?"

"म्या," सासरे म्हणाले.

दुकानात आणखी तिघं-चौघं होते. सगळे हसले. जानरावला गाढव म्हणायची संधी त्या गावात रोज मिळत नाही. सासरेही हसल्यासारखं करायला लागले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"त्यांनी नाही," मी म्हणालो. "मी तोडले. दोन्ही. काडीपण मीच तोडली. मी आयटीआयत हेच शिकवतो."

हसणं थांबलं. गावचा जावई म्हणजे सगळ्यांचाच जावई, म्हणून अंकुर घाईघाईनं म्हणाला, "नाई म्हंजे, होते कधी कधी, बोल्टच आजकाल..."

"बोल्ट बरे होते," मी म्हणालो. "मी नट उलटे फिरवले. मामाजींनी मला समोर बसवायला कूलर समोर नेला, तरी मला समजलं नाही."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कूलरचं मला कळलं आहे, हे त्यांना त्या वेळी कळलं. त्यांनी कोपऱ्यातला स्टूल पायानं ओढून गाडीच्या समोर ठेवला.

"बस. इकळून. पाना तूच धर."

अंकुरनं बाहेर उरलेल्या तुकड्यावर एक नट ठेवला आणि आतून वेल्डिंगचा ठिपका भरला. लालबुंद नट थोडा निवल्यावर सासऱ्यांनी खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला. घरून निघताना त्यांनी तो देवघरातून उचलला होता. तो त्यांनी गरम बोल्टाच्या मुळाशी टेकवला, मेण वितळून आट्यांच्या आत शिरलं. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचे बोल्ट ते असेच काढायचे, तीस वर्षांपूर्वी.

"आता हयू फिरव. पाव आटा इकळे, पाव आटा तिकळे. जोर नोको लावू. अबे जोर नोको म्हनलं न! त्याले वाटलं पायजे का त्याच्याच मनानं निंगून राहिला."

मी पाना धरला. पाव इकडे, पाव तिकडे. कुई असा बारीक आवाज आला, आणि मग तो बोल्ट खरंच आपल्या मनानं निघाल्यासारखा फिरू लागला. बाहेर आला तेव्हा त्याचे आटे मेणानं चकाकत होते. मी एकोणीस वर्षांत फळ्यावर हजार बोल्ट काढले असतील. हा पहिला खरा.

दुसऱ्यानं छळलं. त्याच्या पोटातल्या माझ्या काडीमुळे वेल्डिंग नीट धरेना. दोनदा नट उपटून आला. प्रत्येक वेळी सासरे माझ्यावर, अंकुरवर, काडी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर क्रमानं घसरले. "बॅटरी सरकी धर, तिरपी नोको. सरकी म्हंजे सरकी! हात काहून हालून राहिला तुहा?" "हात भाजला मामाजी." "भाजू दे, बोल्ट त निंगू दे." तिसऱ्या वेळी, पाच वाजून गेल्यावर, तो निघाला. अंकुरनं स्पेअरच्या दुकानातून मागवलेले नवे बोल्ट बसवले, गॅसकेट घातलं, नट मी लावले. समोर बसून. गाडीनं पहिल्याच किकला असा मऊ आवाज दिला की सासऱ्यांनी पुन्हा एकदा बंद करून सुरू केली.

घरी येताना मी मागे बसलो होतो. माझा हात भाजला होता, शर्ट काळा झाला होता आणि इतकं बरं मला त्या गावात कधी वाटलं नव्हतं. दिवसभरात किती शिव्या बसल्या ते मोजायचा मी प्रयत्न केला, पण वेल्डिंगच्या दुकानापुढे हिशेब चुकला.

पहाटे चारला मला जाग आली. कॅरेट बांधायचा आवाज येत होता. मी डोळे चोळत बाहेर गेलो आणि भेंडीच्या कॅरेटला हात घातला.

"अरेरे, नोका नोका जवाईबापू," सासरे म्हणाले. "तुमी कायले उठले? झोपा तुमी. मी करतो न."

त्यांनी कॅरेट माझ्या हातून काढून घेतलं. रात्रभरात सासूबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं, हे मला नंतर वर्षालीनं सांगितलं. ते निघून गेले. गाडीचा एकसुरी शांत आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता आणि मी अंगणात उभा होतो, हात रिकामे घेऊन.

दुपारी जेवण झालं. परातीत माझे पाय धुतले गेले. ओवाळणं झालं, तेहेतीस अनारसे समोर आले. "आनखीन घ्या जवाईबापू." "बराबर हाये तुमचं, जवाईबापू." बाजारात जागा मिळाली होती, भेंडी संपली होती. "तुमच्यामुळे वेळेवर पोचलो," ते म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी एक अनारसा वाढला. कालच्या दिवसाचा एक शब्द कुणी काढला नाही. काल मी या घरातला होतो, आज पुन्हा खाटेवर. जेवून मी नुसता पडून राहिलो आणि कूलरकडे पाहत बसलो.

उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. सासूबाईंनी अनारशांचा डबा पिशवीत घातला. वर्षालीचे डोळे पाणावले, तिच्या आईचेही. सासरे फाटकाशी हात जोडून उभे होते.

"चुकलं-माकलं माफ करजा, जवाईबापू. कालचं मनात ठेवू नोका."

"ठेवणार आहे," मी म्हणालो. त्यांना ते समजलं नाही, किंवा समजूनही त्यांनी मान खाली घातली.

मी गाडीवर बसलो, वर्षाली मागे बसली. किक मारली. गाडीचं साइड स्टँड खालीच होतं. असं स्टँड खाली ठेवून गेलं की पहिल्या डाव्या वळणाला ते जमिनीला लागतं आणि माणूस गाडीसकट आडवा होतो. हाही धडा मी घेतो, ऑगस्टमध्ये. फाटकाबाहेर लगेच डावं वळण आहे. मी गिअर टाकला आणि अगदी हळू, बैलगाडीच्या चालीनं निघालो.

एक हात. दोन हात. मागे काहीच आवाज नाही. वळण जवळ येत होतं आणि माझं सगळं लक्ष मागे होतं.

"अबे स्टँड! स्टँड कर वर, बयताडा! माह्या पोरीले पाडतं का!"

मी पायानं स्टँड वर केलं. मागून वर्षालीनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. "मुद्दाम केलं न तुमी?"

"विसरलो," मी म्हणालो.

वळण घेताना मी आरशात पाहिलं. सासरे फाटकातून रस्त्यावर आले होते आणि एक हात उगारून अजून काहीतरी ओरडत होते. गाडीच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. पण हात ज्या तऱ्हेनं हलत होता त्यावरून 'जवाईबापू' तर ते नक्कीच म्हणत नव्हते.